अर्ध्या पानावरची आठवण

गेल्या पावसाळ्यात माझ्या सोळा वर्षांच्या कन्येच्या हातात एक इंग्रजी कादंबरी दिसली. सहज चाळली, तर प्रत्येक पानावर तीन-चार शब्दांच्या ओळी आणि बाकीचे पान कोरे. ‘‘ही कविता की कादंबरी?’’ मी विचारले. ‘‘दोन्ही,’’ ती म्हणाली.

थान्हा लाय या लेखिकेचे ते ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’. १९७५ मध्ये सायगावचा पाडाव झाला, तेव्हा लेखिका लहान मुलगी होती. वडील युद्धात बेपत्ता; आईने मुलांना घेऊन देश सोडला आणि कुटुंब अमेरिकेतील अलाबामा राज्यात पोहोचले. कादंबरीतील दहा वर्षांची मुलगी हाच प्रवास करते. आवडते पपईचे झाड मागे राहते, नवी भाषा जिभेवर रुळत नाही. अशा मुलीच्या तोंडी तुटक ओळीच शोभतात. २०११ मध्ये या पुस्तकाला अमेरिकेचा ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाला. शेवटी लेखिका वाचकांना विनविते, की आपल्या जिवलग माणसाजवळ बसा आणि त्याची कहाणी त्याला सांगायला लावा.

कन्येने ती विनंती शब्दशः मनावर घेतली आणि वही घेऊन आजीजवळ बसली.

माझी आई एक्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपासून तिची स्मृती ओसरते आहे. मी डॉक्टर, त्यामुळे रोज सकाळी विचारीत असे, ‘‘आई, आज वार कोणता? न्याहारीला काय खाल्लेस?’’ ती ओशाळून गप्प होई. ती परीक्षा होती, संवाद नव्हता, हे मला उमगले नाही.

नातीने वार विचारला नाही. ‘‘आजी, तुझ्या पाटणच्या घरी चूल कुठे होती गं?’’ एवढेच विचारले. विस्मृतीत बहुधा नव्या आठवणी आधी जातात, जुन्या अधिक काळ टिकतात. आई बोलू लागली. चुलीवरून गोष्ट ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेवर आली. कोयनेचा भूकंप. घर पडले, माणसे वाचली. पुढचे दिवस उघड्या शेतात, थंडीत गेले. सात महिन्यांच्या लेकीच्या छातीत कफ झाला आणि आठव्या दिवशी ती गेली.

मला एक बहीण होती, एवढेच मी ऐकले होते. तीस वर्षे मी परक्यांच्या मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावीत आलो. आपल्या आईला मात्र हे कधी विचारले नाही.

कन्येने ते अर्ध्या पानात, नऊ ओळींत लिहिले आणि प्रथम आजीला वाचून दाखविले. सासूने दोष दिल्याची एक ओळ त्यात होती. आई म्हणाली, ‘‘ती ओळ काढ. त्यांना आता उत्तर देता येणार नाही.’’ कन्येने ती खोडली. एलन हॉपकिन्स यांची ‘क्रँक’ ही २००४ ची काव्यकादंबरी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या व्यसनाधीनतेवरून सुचली. पण कथा सांगताना त्यांनी नावे बदलली, कल्पिताचा आडोसा घेतला. आपल्या जगण्यात इतरांचेही जगणे गुंतलेले असते, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

घरी वृद्धांची सेवा करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: ‘आठवते का?’ असे विचारू नका. तारखा नकोत, चूल, विहीर, लुगडे, शाळेची वाट यांविषयी विचारा. चूक दुरुस्त करू नका. डोळे भरून आले तर हात धरा. बोलायचे नसेल, तर विषय सोडा. रोज पंधरा मिनिटे पुरेत. लिहिलेले मोठ्या अक्षरांत, थोड्या ओळींत ठेवा. थकलेल्या नजरेला कोरी जागा विसावा देते. हा औषधोपचार नव्हे. आईची स्मृती परतलेली नाही.

परवा कन्येने तेच पान पुन्हा वाचले. आपण हे सांगितले होते, हे आईला आठवत नव्हते. तिने शेवटपर्यंत ऐकले, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, ‘‘बिचारी! कुणीतरी तिचे लिहून ठेवले, बरे झाले.’’