वळणाचं पान

पवनारात वाढलेल्या मुलांना चंबळच्या दरोडेखोरांची गोष्ट शाळेआधी घरातच कळते. मे १९६०मध्ये वीस दरोडेखोर विनोबांना शरण आले. आणि विनोबा तर आमचेच, धाम नदीकाठच्या परमधाम आश्रमातले! आजी ही गोष्ट हात जोडूनच सांगायची. पुढे मी खुन्यांवरची पुस्तकं वाचू लागले ती याच ओढीनं. इतके जीव घेतल्यावर माणूस कुठेतरी वळत असेल, ते पान मला हवं असायचं.

मेडोज टेलरच्या १८३९च्या कादंबरीतला ठग अमीर अली आपले खून रंगवून सांगतो. वळत मात्र नाही. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत निजलेल्यांना मारणारा रामन राघव १९६८मध्ये सापडला. त्याची फाशी मनोविकारामुळे जन्मठेपेवर आली. वळायला मन तरी ताब्यात हवं ना!

मग हाती आलं मुनव्वर शाहचं ‘येस, आय अॅम गिल्टी’. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांना मारणाऱ्या, जोशी-अभ्यंकर खून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणातल्या कॉलेजकुमारांपैकी तो एक. २७ नोव्हेंबर १९८३ला त्याच्यासह चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्याआधी तुरुंगात त्यानं ही कबुली लिहिली. हवं ते पान अखेर सापडलं होतं. मी ते किती वेळा वाचलं असेल!

संस्कृत शिकताना एकदा ग्रंथालयात व्याकरणाचा एक जाडजूड कोश उघडला. बडोद्याहून १९६१मध्ये निघालेला. पाणिनीय परंपरेतली एकेक संज्ञा घेऊन तिचा अर्थ उलगडलेला, मतभेद नोंदवलेले. कोशकार: काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. जोशी-अभ्यंकर खुनांमधले अभ्यंकर! त्यांच्या आयुष्यातली १ डिसेंबर १९७६ची एकच रात्र मला ठाऊक होती, तीही मारणाऱ्यांच्या बाजूनं. हा कोश ज्या दिवसांतून उभा राहिला, त्यातला एकही दिवस माझ्या पुस्तकांत नव्हता. त्या दुपारी मी नोंदी वाचत राहिले, गरज नसलेल्यासुद्धा.

त्याच रात्री अभ्यंकरांच्या घरात, त्यांच्याकडे कामाला असलेल्या सकूबाई वाघही मारल्या गेल्या. प्रकरणाच्या नावात त्या नाहीत. त्यांच्यामागे कोशही नाही, म्हणून कुठलं कपाट उघडावं तेही कळत नाही. त्यांचं गाव कोणतं, हातचं काय चांगलं व्हायचं, त्या संध्याकाळी कुणी त्यांची वाट पाहत होतं का, हे विचारल्याशिवाय ते प्रकरण आता माझ्याच्यानं पुढे वाचवत नाही.