कूहलीच्या काठाने, बंड्याच्या चालीने

तुमच्या घरी म्हातारा कुत्रा असेल, तर हे तुमच्या चांगलंच ओळखीचं असेल. पट्ट्याच्या कडीचा आवाज झाला की आधी त्याची शेपूट हलते. मग पुढचे दोन पाय उठतात. मग थोडं थांबणं, काहीतरी आठवत असल्यासारखं. आणि बऱ्याच वेळाने मागचे पाय.

आमचा बंड्या बारा वर्षांचा आहे. मी आठवीत असताना चंदीगडमध्ये आमच्या सेक्टरच्या बाजारामागे सापडलेला, बिस्किटाच्या रंगाचा, एक कान कायम मोडलेला देशी कुत्रा. बाबांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो आणि इथलेच झालो. बंड्याला मात्र मराठीच कळतं. शेजारच्या आंटी ‘इधर आ, इधर आ’ म्हणून थकतात. आई नुसतं ‘ये रे’ म्हणाली की हा हजर.

तो पाच वर्षांचा असताना आम्ही त्याला मॅक्लिओडगंजहून त्रिउंडला नेलं होतं. साधारण २,८५० मीटर उंचीवरचं ते गवताळ पठार. तो आमच्या दुप्पट चालला असेल, कारण पुढे पळत जायचा आणि आम्हाला न्यायला परत यायचा. यंदा माझ्या डोक्यात आलं, एकदा शेवटचं त्याला तिथे न्यावं. ‘शेवटचं’ हा शब्द मी घरात उच्चारला नव्हता, पण आईने तो ओळखला. त्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, मागच्या पायांचे झिजलेले सांधे दाखवले आणि विचारलं, “त्रिउंडला कुणाला जायचंय? त्याला, की तुला?”

मग आम्ही पालमपूरला गेलो.

चंदीगडहून गाडीने सहा-सात तास. आम्हाला आठ लागले, कारण दर दीड तासाने बंड्याला उतरवून पाय मोकळे करायला लावायचे होते. पालमपूर कांगडा खोऱ्यात, साधारण १,२०० मीटरवर आहे. मार्च संपता संपता इथे दिवसा ऊन कोवळं असतं आणि रात्री रजई लागते. वर धौलाधारची भिंत अजून पांढरीशुभ्र, खाली गव्हाची हिरवी शेतं, बांधावर जांभळा-गुलाबी कांचन फुललेला. इथे त्याला कचनार म्हणतात आणि त्याच्या कळ्यांची भाजी करतात. होमस्टेच्या काकूंनी पहिल्याच रात्री ती दह्यात करून वाढली. आईने लगेच कृती लिहून घेतली.

चहाचे मळे तर गावाला लागूनच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथे चहा लावला. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसं गेली, चहाचे कारखाने कोसळले आणि बरेच इंग्रज मळेवाले मळे विकून निघून गेले. चहा मात्र राहिला. २००५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मळ्यांतून पायवाटा जातात, पण ते खासगी आहेत, म्हणून विचारून आत जा. नुकती फवारणी झाली आहे का, हेही विचारा. आपण झाडं चाटत नाही, कुत्रे चाटतात.

पण तुम्हाला सांगायची आहे ती चहाच्या मळ्यांची नाही, कूहलीची गोष्ट.

कूहल म्हणजे पाट. धौलाधारमधून उतरणाऱ्या ओढ्यांचं पाणी अडवून ते शेतापर्यंत आणणारा. कांगड्यात अशा शेकडो कूहली आहेत, काही कटोच राजांच्या काळातल्या. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्याला कोहली म्हणतात. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना. आता गंमत बघा. पाणी पंपाशिवाय वाहायला हवं, म्हणून कूहल डोंगराच्या कडेने अगदी नावापुरत्या उताराने नेलेली असते. त्यामुळे तिच्या काठाची पायवाट जवळपास सपाट! चढ नाही, उतार नाही, दगडी पायऱ्या नाहीत, आणि प्यायला पाणी सतत शेजारी. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मुद्दाम वाट काढायची म्हटली असती, तरी याहून चांगली निघाली नसती.

पहिल्या सकाळी आम्ही त्या वाटेवर एक तास चाळीस मिनिटं होतो. अंतर, सव्वा किलोमीटर. माझ्या फोनमधल्या ॲपने हे चालणं म्हणून नोंदवलंच नाही. बंड्याने प्रत्येक दगडाची चौकशी केली. आईने बाराखडी शिकवावी तशी मला झाडं दाखवली: आडूचा गुलाबी बहर, रानटी नासपतीचा पांढरा. मी एरवी ट्रेकला गेले की समोरच्याच्या टाचा बघत चालते, त्यामुळे मला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी अक्कल गहाण पडली. न्यूगल खड्ड म्हणजे धौलाधारमधून येऊन पुढे बियासला मिळणारा ओढा. वरून त्याचं पांढऱ्या गोट्यांचं पात्र इतकं सुंदर दिसत होतं, की मी म्हटलं, खाली जाऊन येऊ. आई म्हणाली, “अगं, उतरेल तो, पण चढेल का?” बंड्या मात्र शेपूट उडवत निघाला, आणि मला तेवढी परवानगी पुरली. (कुत्रा तुम्हाला कधीच नाही म्हणत नाही. ते म्हणण्याचं काम आपलं असतं.) उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो. खाली पोचेपर्यंत ते थरथरत होते. पाण्यात बसला, मजेत दिसला. परतीच्या चढावर तिसऱ्याच वळणावर तो खाली बसला आणि माझ्याकडे बघायचंही त्याने टाळलं.

बावीस किलोचा कुत्रा उचलून चढण चढून बघा. मी वीस पावलं गेले. गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका ताईंनी भारा टेकवला, अंगावरची शाल काढली आणि बंड्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घातली. दोन्ही टोकं वर माझ्या हातात दिली. “वो चलेगा, आप बस वज़न पकड़ो,” म्हणाल्या. म्हशीच्या आजारी पारडाला असंच नेतात म्हणे. आणि खरंच, मागचा भार मी धरला तसा तो पुढच्या पायांनी चालू लागला. पाच मिनिटांची चढण आम्ही चाळीस मिनिटांत चढलो. ताई शेवटपर्यंत थांबल्या. तेव्हापासून एक मोठा टॉवेल माझ्या सॅकमध्ये कायम असतो, तुम्हीही ठेवा. आणि कितीही कळवळलात, तरी माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका, ती घातक ठरू शकते. त्याच्या डॉक्टरांना फोन करा. आमच्या डॉक्टरांनी एक दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आणि मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

त्या विश्रांतीच्या दिवशी आम्ही होमस्टेच्या फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा रस्त्यावरून गद्दी मेंढपाळांचा कळप आला. हिवाळा खालच्या टेकड्यांत काढून ते या दिवसांत वर सरकायला लागतात. तीनेकशे शेळ्या-मेंढ्या, आणि पुढे गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असलेले दोन झुबकेदार कुत्रे. हा पट्टा बिबट्यासाठी. असा कळप दिसला तर आपला कुत्रा जवळ धरा, हे कुत्रे परक्याला खपवून घेत नाहीत. बंड्या स्वतःच आईच्या खुर्चीमागे गेला.

कळप संपला असं वाटलं, आणि बऱ्याच अंतराने दोन लंगड्या मेंढ्या आल्या. त्यांच्यामागे एक म्हातारा मेंढपाळ, चोळ्याच्या घोळात नवजात कोकरू, आणि त्याच्याशेजारी तोंड पांढरं झालेला एक कुत्रा, तसाच लंगडत. मी विचारलं, याला घरी का नाही ठेवत? ते हसले. घरी ठेवला तर चार दिवस जेवत नाही, म्हणाले. म्हणून मागच्यांची राखण त्याच्याकडे दिली आहे. बंड्या खुर्चीमागून बाहेर आला, दोघांनी लांबूनच हवा हुंगली. कळपाची धूळ खाली बसेपर्यंत ते चौघे वळणापर्यंतही पोचले नव्हते.

राहिलेल्या दोन्ही दिवशी आम्ही फक्त कूहलीवर गेलो, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. दुपारी उन्हाने डांबर तापलं की नाही ते तळहाताची मागची बाजू टेकवून बघायचं, परतल्यावर बोटांच्या फटीत आणि कानात गोचीड शोधायचे. एका संध्याकाळी अचानक गारा पडल्या, तेव्हा चहाच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघं दाटीवाटीने उभे राहिलो. बंड्याच्या अंगाला ओल्या गोधडीचा वास येत होता.

निघायच्या सकाळी सामान गाडीत गेलं, मी मागचं दार उघडलं. बंड्या गाडीपर्यंत आला, आत बघितलं आणि डावीकडे वळून आपल्या चालीने कूहलीच्या वाटेला लागला. मी पट्टा घेऊन मागे निघाले. आई आधीच चप्पल बदलत होती. बाबांनी चंदीगडहून फोन केला, “निघालात का?” आई म्हणाली, “निघतोय, तास-दीड तास लागेल.”