फुटकी कवडी

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "आजीची माळ तुटली रे. तुळजापूरला जाऊन नवी घेऊन ये." माळ म्हणजे कवड्यांची. तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी, त्यामुळे देवघरातली ती माळ मी लहानपणापासून बघत आलोय. मी आधी ऑनलाईन शोधली (काय करणार, सवय!). दोन दिवसांत घरपोच मिळत होती. आईला तसं सांगितलं तर पलीकडे एकदम शांतता. आईच्या शांततेचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. शनिवारी पहाटे मुकाट्याने तुटलेली माळ पिशवीत घालून गाडीत बसलो. आई आली नाही. पायऱ्या आणि गर्दी तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही.

तसा मी तुळजापूरला चार-पाच वेळा तरी गेलोय. पण दरवेळी तेच. गाडीतून उतरा, रांगेत उभे राहा, दर्शन घ्या, जेवा आणि परत. गाव बघितलंच नव्हतं. या वेळी दर्शन लवकर आटोपलं आणि हातात अख्खी दुपार होती.

इतर बहुतेक देवळांत आपण पायऱ्या चढून जातो. इथे महाद्वारातून आत शिरल्यावर उतरायचं असतं. बालाघाटच्या डोंगरउतारावर वसलेलं गाव, त्यामुळे गल्ल्याही चढउताराच्या. चालत फिरावं हेच बरं. दुतर्फा दुकानं. हळदीकुंकवाच्या राशी, हिरव्या बांगड्या, ओटीचे खण-नारळ, वेताच्या परड्या, देवीचे टाक, पोत आणि कवड्यांच्या माळा. मधूनच कुठूनतरी संबळ वाजतो आणि गळ्याभर कवड्या घातलेला एखादा आराधी समोरून जातो. इथे जे विकायला आहे ते कुणाच्या ना कुणाच्या घरी उद्या पूजेला लागणार आहे. शोकेसमध्ये ठेवायचं फारसं काही नाही.

एका छोट्या दुकानात, खरं तर ओट्यावरच, एक मावशी माळ ओवत बसल्या होत्या.

"मावशी, अशीच एक माळ दाखवा."

त्यांनी जुनी माळ घेऊन उलटसुलट करून पाहिली. "नवी कशाला घ्यायलास? कवड्याला काय झालंय? दोरा कुजलाय नुसता."

"आईनं नवी आण म्हणून सांगितलंय."

"आईला म्हणावं, आजीची हाय, टाकून देऊ नगं. ओवून देते. तासाभरानं ये."

समोर डझनभर नव्या माळा टांगलेल्या असताना ही बाई मला विकत नाहीये! धंद्याचं हे कुठलं गणित, ते मला अजून कळलेलं नाही.

तासभर होता म्हणून एका हॉटेलात शिरलो. 'हॉटेल' म्हणजे चार बाकडी आणि एक कढई. सुशीला मागवली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी: सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे. सोबत मिरचीची भजी. पुण्यात सुशीला मागा, लोक विचारतील कोण ती!

मग पेढे. हा जिल्हाच खव्याचा. भूम, कुंथलगिरी त्यासाठी प्रसिद्ध. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं. पावसाचा भरवसा नाही, मोठी शहरं लांब, आणि दूध तर टिकत नाही. मग ते आटवा, म्हणजे टिकेल आणि लांब नेता येईल. दुष्काळी भागातल्या माणसांनी काढलेली ही वाट मला तरी कुठल्याही इंजिनिअरिंगइतकीच हुशारीची वाटते.

खाता खाता कवडीचा विचार करत होतो. समुद्र इथून काही शे किलोमीटर दूर, तरी देवीच्या गळ्यात समुद्रातला शिंपला. कवडी हे एके काळी चलनच होतं. मालदीवच्या कवड्या गलबतं भरभरून बंगालमध्ये यायच्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे त्यांवर व्यवहार चालायचे. आणि आपला जिल्हाही काही जगापासून तुटलेला नव्हता. इथलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. आपण मात्र 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द तेवढे लक्षात ठेवले. गंमत म्हणजे माळेतली प्रत्येक कवडी फुटकीच असते. भोक पाडल्याशिवाय ओवणार कशी?

आता थोडं गंभीर. मे २०२५ मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्याला १,८६५ कोटी रुपये मंजूर झाले. मी याच्या विरोधात नाही. कसा असेन? माझी आईच गर्दीपायी येऊ शकत नाही. नवरात्रात या गल्ल्यांतून चालणं म्हणजे काय, ते गेलेल्यांना विचारा.

पण एक भीती वाटते. आमच्याकडे जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर हलवताना सगळा डेटा नीट जातो. राहून जाते ती एखादी छोटीशी स्क्रिप्ट, जी कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिली आणि कुठेच नोंदवली नाही. ती बंद पडल्यावरच कळतं की ती होती. मावशींचा ओटा तसाच आहे. रस्ता, वाहनतळ, रांगेची सोय हे सगळं नकाशावर येतं. 'इथे जुनी माळ ओवून मिळते' हे कुठल्या नकाशावर येणार? देवस्थानच्या गावात दुकान चालतं ते पायी जाणाऱ्या माणसांवर. वाट वळली की दुकान संपलं. आईसाठी रॅम्प हवाच, आणि त्या रॅम्पच्या वाटेवर मावशीही हव्यात. दोन्ही मागणं फार होतं का?

तासाभराने माळ तयार होती. दोन कवड्या पिचल्या होत्या, त्या बदललेल्या. मजुरी म्हणून जे सांगितलं ते माझ्या पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा कमी होतं. मावशींनी क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला. एके काळच्या पैशांची माळ मी मोबाईलवरून पैसे देऊन घेतली!

घरी आल्यावर आईने नवी माळ का आणली नाही, हे विचारलंच नाही. दोरा बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाली, "घट्ट ओवलीय. कुणी केली?"

सांगितलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "पुढच्या वेळी मला ने. हळूहळू उतरीन."