मोटरची निवड

आमच्या भाच्याने बदलापुरातल्या दोन खोल्यांत सीएनसी मिलिंग यंत्र जुळवले. हत्यार फिरवणारी मोटर तेवढी राहिली. ताईला भिशी लागली, ती तिच्यासाठीच. अंबरनाथचा फिटर म्हणे, पोलाद कापायचे तर संथ, दमदार मोटर घ्यावी. भाच्याला लाकूडच कोरायचे. त्याला हवी मिनिटाला 24,000 फेऱ्यांची. दोन ध्रुवांची मोटर 400 हर्ट्झवर तेवढी फिरते. वेग उतरवला की शक्तीही उतरते.

पंख्याने थंड होणारी सुटसुटीत, पण किंचाळणारी. पाण्याची शांत, मात्र पंप-नळ्यांचे लटांबर. मी मास्तर, पंख्याकडे झुकलो.

"मामा, आई उल्हासनगरहून रात्रपाळी करून येते. दिवसा झोपते."

पाण्याचीच आली. कापण्याचा आवाज उरतोच. ते काम संध्याकाळी, ताई उठल्यावर.