आधी काय करायचं ते सांगा

मी जनसंपर्काचं काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे जाहिरात का? जाहिरात नाही. जाहिरातीची जागा पैसे मोजून घेता येते. आम्हाला बातमीदाराने आणि वाचकाने आमचं म्हणणं खरं मानलं तरच जागा मिळते. म्हणून या कामात खोटं बोलणारा माणूस फार काळ टिकू नये असं मला वाटतं. पुष्कळजण टिकतात, हे माझं दुःख आहे.

मी कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकले आणि एका दैनिकाच्या डेस्कवर प्रेसनोटा कापण्यापासून सुरुवात केली. तिथून पुण्यातल्या एका जनसंपर्क संस्थेत गेले. उत्पादनांची अनावरणं, वर्धापनदिन, पाहुण्यांची व्यवस्था, दुसऱ्या दिवशी कात्रणांची फाइल. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, एक संध्याकाळ सोडली तर. आमच्या एका ग्राहकाच्या कारखान्यात अपघात झाला. व्यवस्थापनाने ठरवलं, चौकशी होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. कामगारांच्या घरची माणसं रात्र पडेपर्यंत फाटकाशी उभी होती आणि आत काय झालंय हे त्यांना पहारेकऱ्याच्या तोंडून कळत होतं, तेही अर्धवट. त्या ग्राहकाचं काम मी सोडलं. पुढे संस्थाही सोडली आणि आपत्तीच्या काळातल्या संवादाकडे वळले. आज मी ग्रामपंचायती, संस्था आणि स्वयंसेवकांना पुराच्या काळात लोकांशी कसं बोलावं हे शिकवते.

आमच्या व्यवसायाची जन्मकथाही अपघाताचीच आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडले, पन्नासहून जास्त माणसं गेली. अपघात झाकून ठेवायचा, ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केलं. झालेली घटना स्वतः लिहून वृत्तपत्रांना दिली आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. ते जगातलं पहिलं प्रसिद्धीपत्रक मानलं जातं. याच लीने पुढे बड्या मालकांसाठी केलेल्या कामावर कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. तरी त्या दिवशी त्याने जे केलं ते मी प्रत्येक वर्गात सांगते.

आता माझ्या नदीबद्दल. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरात रिक्षावाल्यापासून भाजीवाल्या मावशीपर्यंत सगळे एकमेकांना "किती फूट झालं?" एवढंच विचारतात. वर राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी खाली येतं. अभियंत्याला हा आकडा पुरतो. प्रयाग चिखलीत गोठ्यात म्हशी बांधलेल्या काकूंना तो पुरत नाही. जनावरं आज संध्याकाळी हलवायची की उद्या सकाळी, कोणत्या रस्त्याने, आणि जिथे न्यायची तिथे वैरण आहे का, हे त्यांना हवं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. महामार्ग बंद पडला, शहराची बेटं झाली. २०१९ ला घर वेळेवर न सोडलेल्यांशी मी नंतर बोलले तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं : "२००५ ला पाणी इथंपर्यंत आलं नव्हतं." लोकांनी सूचना ऐकली होती. पण सूचनेतला आकडा एका बाजूला आणि डोळ्यांनी पाहिलेला पूर दुसऱ्या बाजूला, अशा वेळी माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून आम्ही गावात जुन्या पुराच्या खुणा शोधतो, भिंतीवर फूट लिहितो, आणि बंधाऱ्यावर किती झालं की कोणत्या गल्लीत पाणी शिरतं हे तिथल्याच लोकांकडून मांडून घेतो. मग सूचना देताना आकड्याबरोबर गल्लीचं नाव येतं.

माझ्या स्वभावाबद्दल सांगायचं तर मी बैठकीत कमी बोलते आणि भरपूर लिहून घेते. कुठलाही मजकूर मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही. आणि काही वाक्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये", "परिस्थिती नियंत्रणात आहे", "यंत्रणा सज्ज आहे" ही वाक्यं मी खोडते, समोर कितीही मोठा अधिकारी असो. त्यातून ऐकणाऱ्याला करण्यासारखं काहीच मिळत नाही. त्याऐवजी मी चार गोष्टी मागते. तुम्ही काय करायचं, आम्हाला आत्ता काय माहीत आहे, काय अजून कळलेलं नाही, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ. तिसरी गोष्ट लिहायला लोक फार कचरतात. खरं तर विश्वास बसतो तो तिच्यामुळेच, आणि चौथीतली वेळ पाळल्यामुळे.

माहिती देणारा गप्प बसला की ती जागा रिकामी राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी तेव्हा गावोगाव संशय पेरला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगलं केलं. पण गावात कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, हे कंपनी ठरवू शकत नाही.

ते तुम्ही-आम्ही ठरवायचं. येत्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर पाण्याचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी विचारा : कुठला, कधीचा, कुणी काढलेला? उत्तर मिळालं नाही तर तिथेच थांबवा. आणि स्वतः लिहाल तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण आणि आपलं नाव घालूनच लिहा.