खिदिरपूरची माती

कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीचा जुना वैरी म्हणजे हुगळीचा गाळ. गोदी १८९२ साली खुली झाली. गाळ वाहून जावा म्हणून १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला, तरी उपसा काही सुटलेला नाही. परंतु याच नदीकाठची चिकट ‘एंटेल’ माती मूर्तिकारांस प्राणप्रिय! सप्टेंबरात विश्वकर्मापूजेच्या दिवशी यंत्रांशेजारी हत्तीवर आरूढ झालेली विश्वकर्म्याची मूर्ती मांडतात, तीही मातीचीच. आत पेंढा, वर ही माती.

दिवसभर राबून शिणलेल्या हातांत आपणही सायंकाळी मातीचा एक गोळा घेऊन पाहावा. पोळ्याचे बैल लहानपणी केलेच असतील! खडे वेचून माती लोण्यासारखी मळावी. शिंगे वेगळी करून चिकटवू नयेत. त्याच गोळ्यातून ओढून काढावीत, म्हणजे वाळताना गळत नाहीत. बैल सावलीतच वाळवावा. तडा गेलाच तर पातळ चिखलात भिजवलेली चिंधी वर बसवावी. मोठ्या मूर्तींनाही कारागीर हाच उपाय करतात. बोटे चिखलाने माखली म्हणजे कचेरीचे कागद आठवले तरी हाती धरवत नाहीत, हा लाभ निराळाच.

आणि बैल मनासारखा साधला नाही तर? मोडून पुन्हा गोळा करावा. ओल्या फडक्याखाली तो उद्या सायंकाळपर्यंत मऊ राहतो.