चतुःसीमा

ज्या भूमीत महंमद तुघलकाचा एक दुखरा दात दक्षिणेच्या स्वारीत पडला म्हणून त्यालाही घुमट बांधून कायमचे ठिकाण दिले गेले, असे जुने तवारीखकार लिहून ठेवतात आणि करझणीजवळच्या टेकडीवर तो घुमट दाखवलाही जातो, त्याच भूमीत एखाद्या सराफाच्या किंवा विणकराच्या तीन पिढ्या जिथे नांदल्या त्या गल्लीचा मागमूसही नातवाला लागू नये, हा बीडच्या इतिहासातला विनोद म्हणावा की अन्याय, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

कुलवृत्तांताचा नाद लागलेला मनुष्य बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. त्याच्यापाशी पणजोबांच्या नावाचे एखादे जीर्ण पाकीट असते, त्यावर ‘महबूबगंज, बीड’ एवढाच पत्ता असतो, आणि बसस्थानकाबाहेरचा रिक्षावाला तो पत्ता ऐकून प्रामाणिकपणे मान हलवतो. त्या बिचाऱ्याला दोष देता येत नाही. कारण 1865 साली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी निजामी मुलखाची जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली, बीडला जीवनजी रतनजी नावाचे अव्वल तालुकदार आले, बिंदुसरा नदीच्या काठी नवी पेठ वसली आणि बालवयातच निजामाच्या गादीवर आलेल्या महबूब अली खानांचे नाव तिला मिळाले, ही सगळी हकिकत त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. तो ज्या ठिकाणी दिवसातून दहा वेळा भाडे सोडतो त्याला तो हिरालाल चौक म्हणतो, आणि महबूबगंज तो हाच. औरंगजेबाच्या अमदानीत नायब सुभेदार हाजी सदर शाह याने 1703 च्या सुमारास पूर्वेच्या उंचवट्यावर वसवलेला गाझीपुरा आज इस्लामपुरा म्हणून ओळखला जातो. अंबाजोगाईचे तर सबंध गावच मोमिनाबाद होऊन पुन्हा अंबाजोगाई झाले. त्यामुळे ज्याच्या आजोबांची पलटणीतली नोकरी मोमिनाबादच्या छावणीत झाली त्याने आजच्या नकाशावर ते नाव धुंडाळीत बसू नये. जिल्ह्याचे नावसुद्धा इंग्रजी कागदांत कधी ‘बीर’, कधी ‘भीर’ असे वेश पालटून येते, आणि सूचीत एकाच अक्षराखाली पाहणाऱ्याला ते हुलकावणी देते.

वेशींची नावे मात्र चिवट. राजुरी वेस राजुरीच्या वाटेवर, कोतवाली वेस कोतवालीपाशी. ही नावे कोणी हुकूम काढून दिलेली नसावीत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ती पायांनी घडवली, आणि म्हणूनच, असे मला वाटते, राज्ये बदलली तरी ती पुसून टाकण्याची कोणाला आवश्यकता भासली नाही. बादशहा, निजाम, पुढारी यांच्या नावांना मात्र पुढचा बादशहा, पुढचा निजाम, पुढचा पुढारी येईपर्यंतचीच मुदत असते.

परंतु खरा खजिना नावांत नाही, तो खरेदीखतात आहे. संस्थानी अमलातला बैनामा उघडला, उर्दू वाचणारा कोणी सज्जन शेजारी बसवला (आणि त्याच्यापुढे चहा ठेवला, कारण मोहरीराचे शिकस्ता लिपीतले अक्षर वाचणे हे तपश्चर्येचे काम आहे), की पहिली अडचण सालाची येते: फसली सनात 590 मिळवावे, म्हणजे 1330 फसली हे साधारण 1920-21 होते, महिना आजूर, बहमन किंवा खुर्दाद असा इराणी थाटाचा असतो. ती ओलांडली की मनुष्य उत्सुकतेने रस्त्याचे नाव शोधू लागतो आणि ते बहुधा सापडतच नाही. रस्ता असतो, पण केवळ ‘आम रस्ता’ म्हणून. घराला पत्ता नसतो, हद्दी असतात: पूर्वेस अमक्याचे मकान, पश्चिमेस तमक्याची पडीक जागा, दक्षिणेस मशिदीची भिंत, उत्तरेस आम रस्ता. त्या काळच्या लेखकाला घर कोठे आहे हे सांगायचे म्हणजे ते कोणाच्या शेजारी आहे हे सांगायचे, एवढेच ठाऊक होते. आणि वंशाचा शोध घेणाऱ्याला हे उमजले की त्याचा सारा शोधच दिशा बदलतो, कारण मग आपल्या पणजोबांचा कागद हरवला असला तरी पश्चिमेकडच्या शेजाऱ्याच्या कागदात पूर्वेची हद्द म्हणून पणजोबा उभे असतात, आणि त्या शेजाऱ्याचे घराणे जर अजून नांदते असेल, तर गल्लीचे नाव काहीही असो, तिची जागा सापडते. कुलवृत्तांत लिहिणारे आपल्याच घराण्याच्या संदुका उपसतात आणि निराश होतात. त्यांनी शेजाऱ्यांच्या संदुका उघडायला शिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी त्यासाठी तीन पिढ्यांपूर्वीच्या भिंतीच्या भांडणाचा तपशील मुकाट्याने ऐकून घ्यावा लागला तरी.

अर्थात ज्याच्यापाशी मिळकतच नव्हती त्याला हद्दी कुठल्या? भाडेकरू, हमाल, दळणकांडण करून पोरे वाढवणारी विधवा यांची नावे बैनाम्यात येत नाहीत, इनामाच्या मुंतखबात तर नाहीतच. त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायाची वही उरते. तेथे गोदावरीत स्नान करून गेलेल्या गरिबाचेही नाव, गाव आणि बापाचे नाव दक्षिणेच्या आण्यांबरोबर लिहिले गेले. आणि उरतात म्हाताऱ्या बायका. त्या गल्लीला नावाने ओळखत नाहीत. कोणत्या आडाचे पाणी मचूळ होते आणि कोणत्या ओट्यावर कोणाची सून रडत बसे, यावरून त्या सबंध मोहल्ला उभा करतात, आणि त्यांनी उभा केलेला मोहल्ला नगर भूमापनाच्या नकाशाशी ताडून पाहिला तर भूमापनाचीच पंचाईत होण्याचा संभव अधिक.

एका ठिकाणी मात्र ही सगळी साधने थिटी पडतात. 23 जुलै 1989 रोजी बिंदुसरेला जो पूर आला त्याने शहरातल्या तीन वस्त्या धुऊन नेल्या, माणसे गेली, आणि ज्यांच्या साक्षीने घरांची ओळख पटायची ते चारी दिशांचे शेजारीही घरांसकट गेले. नाव बदललेल्या गल्लीत निदान पाय ठेवता येतो. येथे पाय ठेवायला उरतो तो नदीचा काठ. त्यामुळे त्या वस्त्यांत वाढलेल्या कुणाच्या नातवाला आपल्या घराची जागा हवी असेल, तर त्याने आधी वस्तीतून पांगलेले लोक कोठे गेले ते शोधावे, त्यांच्यापैकी कोणी पाण्यातून गाठोड्यात बांधून आणलेला घरपट्टीचा एखादा कागद जपला आहे काय ते विचारावे, आणि मग तहसिलीत जाऊन पूर ओसरल्यावरचे पंचनामे मागावेत. कारण पडलेल्या घराचा पंचनामा करतानाही पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण हे विचारण्याची आमच्या महसूल खात्याची सवय फार जुनी आहे.